उलट-सुलट : आजी, हा टोचतो!



बाहेर अजून हातमोज्यांशिवाय फिरवत नाही, पण पंचांग म्हणतं वसंत आला, म्हणजे आला.

दिवाळी अंकात आम्ही मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की नातीसाठी स्वेटर चालू आहे, आणि तो काही साधासुधा नाही. मेंढीच्या पाठीवरून उतरलेली लोकर आम्ही स्वतः धुतली, स्वतः पिंजली, स्वतः कातली आणि आता स्वतः विणतो आहोत. पाठ-पोट झालं, बाह्या राहिल्या. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, "झाला का हो स्वेटर?" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तिघींनी विचारलं. आम्ही तिळगूळ तोंडात टाकला आणि नुसती मान हलवली. तोंड भरलेलं असलं की खोटं बोलावं लागत नाही.

आता खरं काय ते सांगतो. स्वेटर झाला. नाताळच्या सुट्टीत नात आली तेव्हा तिला घातला. मापाला अगदी बरोबर. तिने मान इकडे वळवली, तिकडे वळवली, गळ्यात बोट घातलं आणि म्हणाली, "आजी, हा टोचतो!" आणि डोक्यातून काढून सोफ्यावर ठेवला. ठेवला म्हणजे चक्क घडी घालून ठेवला हो! फेकला असता तर रागावता तरी आलं असतं.

फुकट ते पौष्टिक

नव्या वाचकांसाठी थोडी मागची हकीकत. आम्ही १९७६ साली या देशात आलो ते थेट पश्चिम यॉर्कशायरमध्ये, म्हणजे लोकरीच्या माहेरघरी. ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड ही सगळी गावं लोकरीच्या गिरण्यांवर मोठी झाली. आम्ही आलो तेव्हा गिरण्यांची धुरांडी होती, पण धूर कमी होत चालला होता. सॉल्टेअरची १८५३ सालची ती अवाढव्य गिरणी १९८६ साली बंद पडली. आता तिथे लोक चित्रं बघायला आणि पुस्तकं घ्यायला जातात. आम्हीही जातो, आणि त्या उंच खिडक्यांखाली उभं राहून मनात म्हणतो की इथे एवढी यंत्रं होती, आणि आम्ही घरी एक चाक फिरवून दमतो.

ते चाक म्हणजे आमचा चरखा. न्यूझीलंडच्या 'अॅशफर्ड'चा, पायाने चालवायचा, जुना घेतलेला. नोकरीतून मोकळं झाल्यावर सहा वर्षांपूर्वी तो घरात आला. तेव्हापासून आम्ही म्हणजे आम्ही आणि चरखा. आणि घरात तिसरा माणूस आपणच, असं आमचे 'हे' येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात.

गेल्या जुलैत आम्ही दोघं यॉर्कशायर डेल्समध्ये फिरायला गेलो होतो. एका शेतावर अंडी घ्यायला थांबलो, तर आवारात मेंढ्यांची कातरणी नुकतीच संपलेली. स्वेलडेल जातीच्या मेंढ्या. काळं तोंड, नाकपुड्यांशी पांढरं, आणि नर असो की मादी, दोघांनाही वळलेली शिंगं. डेल्सच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बोधचिन्हात याच जातीच्या एडक्याचं डोकं आहे. कोपऱ्यात लोकरीचा ढीग पडला होता. आम्ही भीत भीत विचारलं, "एका मेंढीची लोकर विकत मिळेल का?" शेतकरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "अंड्यांचे पैसे द्या. लोकर हवी तेवढी न्या."

त्यांच्या हसण्यामागे मोठी कहाणी आहे. डोंगरी मेंढीची लोकर विकून तिच्या कातरणीचा खर्चही बऱ्याच वर्षी सुटत नाही. २०२० साली करोनाच्या काळात तर भाव इतके पडले की कित्येक शेतकऱ्यांनी लोकर जाळली, नाहीतर शेणखताच्या ढिगात घातली. मेंढी कातरायची ती लोकरीसाठी नव्हे; न कातरली तर उन्हाळ्यात तिला किडे पडतात म्हणून. ज्या लोकरीवर या देशाने शेकडो वर्षं व्यापार केला, तिची ही गत.

आम्ही मात्र खूष. फुकट ते पौष्टिक! गाडीच्या मागच्या बाजूला पोतं टाकलं आणि घरापर्यंत काचा उघड्या ठेवून आलो. वास विचारू नका.

पोत्यापासून सुयांपर्यंत

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी कृती थोडक्यात सांगतो. पोट आणि शेपटीकडची घाण लोकर आधी काढून टाकायची. मग कढत पाण्यात, हात घालवणार नाही इतक्या कढत, भांडी धुण्याचा साबण टाकून लोकर नुसती बुडवून ठेवायची. मेंढीच्या अंगचं मेण उतरायला पाणी कढतच लागतं. पण ढवळायचं नाही, चोळायचं नाही आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात तर मुळीच घालायचं नाही. नाहीतर लोकरीचं बुरणूस होतं आणि ते पुन्हा सुटत नाही. दोन-तीन पाणी साबणाची, दोन साधी. आमची दोन किलोची लोकर धुऊन वाळली तेव्हा दीड किलोलाही कमीच भरली. बाकीचं मेण, माती आणि यॉर्कशायरचं गवत.

मग दोन दातेरी फळ्यांवर पिंजून पेळू करायचे. पेळू हा शब्द आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या हाताला ठाऊक आहे. आम्ही साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या शाळेत चौथीपर्यंत टकळीवर सूत काढलेलं आहे. पितळी चकती, लोखंडी काडी आणि मांडीवर दिलेली गिरकी. गांधी जयंतीला सगळी शाळा ओळीने बसायची, आणि ज्याचा धागा तुटेल तो शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घालायचा. लोकरीला तंत्र तेच, फक्त तंतू लांब. चरख्यावर उजवीकडे पीळ देऊन दोन पदर काढायचे, मग दोन्ही एकत्र करून उलटा, डावीकडे पीळ द्यायचा. उलट्या पिळानं दोन्ही पदर एकमेकांना धरून बसतात. लडी करून गरम पाण्यात भिजवून टांगली की धागा शांत होतो.

स्वेटरला आम्ही चारशे ग्रॅम कातली. चार मिलिमीटरच्या सुया, दहा सेंटिमीटरला बावीस टाके. नमुना साधाच घेतला, सुलट अंग आणि गळ्याला-मनगटाला एक सुलट एक उलट. हातकताईच्या धाग्याला फार नक्षी सोसत नाही, धागा स्वतःच वर-खाली असतो. रोज संध्याकाळी दोन-अडीच तास, असे साडेतीन महिने गेले. त्या साडेतीन महिन्यांत आमच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, की नात तो स्वेटर घालून शाळेत जाते आहे आणि सांगते आहे, "हा माझ्या आजीनं केला, मेंढीपासून!"

आणि ती म्हणाली, "टोचतो."

तळवा खोटं बोलतो

खरं सांगायचं तर आम्हाला रात्री झोप आली नाही. आमच्या लेकीने समजूत घातली, "आई, अगं तिला लेबलसुद्धा टोचतात. प्रत्येक कपड्याचं कापावं लागतं." यांनी वेगळीच समजूत घातली. म्हणाले, "तुझी रविवारची मराठी शाळा अशीच आहे. सगळं हातानं केलेलं, सगळं अस्सल, आणि पोरं मान खाजवत बसतात." (आम्ही तिथे चार वर्षं तिसरीचा वर्ग घेतो आहोत. त्या रात्री यांना गरम जेवण मिळालं नाही.)

जानेवारीत आमच्या कताईच्या गटात स्वेटर घेऊन गेलो. महिन्यातून एकदा आम्ही दहा-बाराजणी चर्चच्या हॉलमध्ये जमतो. त्यातल्या सगळ्यात जुन्या बाई, वय वर्षं ऐंशीच्या पुढे, त्यांनी स्वेटर हातात घेतला नाही. सरळ उचलून हनुवटीखाली गळ्याला लावला. अर्ध्या मिनिटात खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही लोकर कुठे लावून बघितली होती?"

"हातात घेऊन," आम्ही म्हणालो.

"तळवा खोटं बोलतो," त्या म्हणाल्या. "तळव्याची कातडी जाड. गळ्याला विचारावं, नाहीतर मनगटाच्या आतल्या बाजूला."

मग त्यांनी जे समजावलं ते असं. लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो मेंढीची लोकर चोवीस मायक्रॉनच्या आत, चांगली असली तर विसाच्याही आत. आमची स्वेलडेल पस्तिसाच्या वर. बारीक तंतूचं टोक कातडीला लागलं की वाकतं. तीस मायक्रॉनच्या वरचं टोक वाकत नाही, ताठ उभं राहून ढोसतं. असे जाड तंतू शंभरात पाच असले तरी मानेला कळतं. तेव्हा पोर लाडावलेली आहे वगैरे काही नाही. तिची मान खरं तेच सांगत होती. स्वेलडेलची लोकर चिवट, चेपली तरी पुन्हा उभी राहणारी, म्हणून ती जाते गालिच्यांना. आम्ही सात वर्षांच्या पोरीच्या गळ्यात यॉर्कशायरचा गालिचा घातला होता!

आबांची घोंगडी

घरी येताना बसमध्ये आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली, आणि ती आठवायला इतके दिवस का लागले याचं नवल वाटलं.

आमच्याकडे माणदेशात पाऊस कमी, माळरान जास्त, आणि माळावर धनगरांची मेंढरं. सुगीनंतर आमचे आजोबा शेतात मेंढरं बसवायचे. रात्री दोनशे-तीनशे मेंढरं वावरात बसली की लेंड्यांचं खत आपोआप पडायचं, आणि त्याबद्दल धनगराला धान्य मिळायचं. त्या काळ्या मेंढीची लोकर धनगरणी कातायच्या आणि सणगर तिची घोंगडी विणायचे. धाग्याला चिंचोक्याची खळ लावलेली, त्यामुळे नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ. आबांची घोंगडी म्हणजे त्यांचं अंथरूण, पांघरूण, पावसात डोक्यावरची खोळ आणि पाहुण्यांना बसायला दिलेलं आसन. थंडीत ते मोठ्या मायेनं ती आमच्या अंगावर घालायचे. आणि आम्ही? आम्ही भोकाड पसरायचो. "टोचतंय!"

आबांचा चेहरा उतरायचा, ते आता आठवतं. तेव्हा दिसत नव्हतं.

आईने त्यावर एक युक्ती केली. ना आबांना "घोंगडी वाईट" म्हणाली, ना आम्हाला "गप पांघर" म्हणाली. तिचं एक जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं लुगडं होतं. त्याची रुंद पट्टी फाडून तिने घोंगडीच्या मानेकडच्या कडेला दोन्ही बाजूंनी मोठ्या टाक्यांनी टाचली. बस्स. ऊब घोंगडीची आणि गाल लुगड्याला. त्यानंतर आबांची घोंगडी कुणी पांघरायची यावर आम्हा भावंडांची भांडणं लागायची.

आज तिकडेही लोकरीला भाव राहिला नाही. गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली तसं घोंगडीचं गिऱ्हाईक घटलं, लोकर कातरून माळावरच टाकायची वेळ पुष्कळांवर आली. जतकडची माडग्याळी मेंढी मटणासाठी नावाजलेली, तिला लोकर कमीच. अशा मेंढ्यांकडे लोक वळले. डेल्समधली ती शेतकरीणबाई आणि माणदेशातला धनगर यांची भाषा वेगळी, पण एका गोष्टीवर दोघं तासभर बोलत बसतील.

गळा उसवला

तर आता चालू कामाचा अहवाल.

सगळा स्वेटर उसवायचा असं आधी ठरलं होतं. आईचं लुगडं आठवल्यावर बेत बदलला. नात आत लांब बाह्यांचा शर्ट घालतेच. स्वेटर कातडीला लागतो तो फक्त गळ्याशी आणि मनगटाशी. तेवढंच बदललं तर?

गळ्याची पट्टी सोपी होती. ती शेवटी टाके उचलून केलेली असते, त्यामुळे बंद केलेले टाके सोडले की भराभर उसवते. मनगटं अवघड. बाह्या आम्ही मनगटापासून वर विणल्या होत्या, आणि सुरुवातीच्या कडेकडून विणकाम धड उसवत नाही. तिथे पट्टीच्या वरच्या ओळीतला एक धागा कात्रीने कापावा लागतो. तो हळूहळू ओढून काढला की खालची पट्टी सुटून हातात येते आणि वरचे टाके उघडे पडतात, ते सुईवर घेऊन खालच्या दिशेनं विणायचं. स्वतःच्या हातानं केलेल्या कामाला कात्री लावताना काय वाटतं ते विणणाऱ्यांनाच कळेल. यांना आम्ही खोलीबाहेर जायला सांगितलं.

नवी लोकर कुठली हे मात्र या खेपेला आम्ही ठरवलं नाही. फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत नात आली तेव्हा तिला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि तीन तऱ्हेचे पेळू एकेक करून तिच्या मानेला लावले. पहिल्याला ती "ईईई" म्हणाली. ती आमची स्वेलडेल. दुसऱ्याला "चालेल." तिसऱ्याला काहीच बोलली नाही, तो पेळू तिने तसाच गालाशी धरून ठेवला. ती होती ब्लू-फेस्ड लेस्टर, उत्तर इंग्लंडातल्या हेक्सहॅमकडची जात, चोवीस ते अठ्ठावीस मायक्रॉन, रेशमासारखी चमक. विकत आणलेली, आणि फुकट अजिबात नाही.

मग तिने विचारलं, "आजी, हे मी करू?" आम्ही कपाटातून लाकडी टकळी काढली. पहिल्या दिवशी धागा एकवीस वेळा तुटला, तिनेच मोजलं. दुसऱ्या दिवशी जे निघालं ते कुठे दोरखंड तर कुठे कोळिष्टक. पण निघालं. आम्ही तिचा एक पदर आणि आमचा एक पदर एकत्र करून उलटा पीळ दिला, आणि दोघींच्या त्या धाग्यानं गळ्याची पट्टी विणली. अंग करडं-पांढरं, गळा दुधी, आणि मधेच गाठीसारखे फुगवटे. प्रदर्शनात नंबर येणार नाही.

जायच्या दिवशी स्वेटर घालून बघितला. मान डावीकडे, मान उजवीकडे. गळ्यात बोट गेलं नाही. मग ती म्हणाली, "आजी, पण हात?" मनगटं तेव्हा उसवलेली होती, बाह्यांची टोकं उघडी.

आता डावं मनगट झालं आहे, उजवं सुयांवर आहे, आणि दर रविवारी फोन येतो, "झालं का?" या प्रश्नाला उत्तर देताना तोंडात तिळगूळ ठेवावा लागत नाही.

इतर चालू कामं

पोत्यातली उरलेली स्वेलडेल वाया जाणार नाही. तिचा जाडजूड धागा कातून त्याचं बसायचं आसन करतो आहोत, पूजेला आणि गुडघेदुखीवाल्यांना खुर्चीवर टाकायला. लोकर तीच, पण या कामाला तिचा ताठपणा हवाच असतो.

यांचे मोजे: गेल्या तीन अंकांपासून जे वाचत आहेत त्यांना कळवण्यास खेद होतो की मोजा अजून एकच आहे. दुसऱ्याची टाच वळवायची राहिली आहे.

आणि जाता जाता दोन गोष्टी, नातवंडांसाठी विणणाऱ्या सगळ्या आज्या-आजोबांना. एक, लोकर घेताना ती ज्याच्यासाठी आहे त्याच्या गळ्याला लावून बघा, तो हजर नसेल तर स्वतःच्या गळ्याला, आणि अर्धा मिनिट धरा. दोन, गळ्याची आणि मनगटाची पट्टी मऊ लोकरीची करा, अंग कसलंही चालतं. आम्हाला हे साठ वर्षांपूर्वीच आईने दाखवलेलं होतं. आमच्या ध्यानात यायला एक स्वेटर उसवावा लागला.

मराठी शाळेच्या वर्गातही आम्ही या महिन्यापासून मुलांना आधी विचारतो, आज कुठली गोष्ट वाचायची. पट्टी मऊ केली आहे, अंग तेच आहे. बघू या.

कुणाला टकळी शिकायची असेल तर गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी भेटा. पेळू आम्ही आणू. धागा तुटला तर शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घालायची सोय आहेच.